चाचणीत नापास झालेली १४३० जॅकेट

सोलापुरात अशोक कामटे हे नाव आजही आदरानं घेतलं जातं. मुंबईला बदली होण्यापूर्वी ते इथले पोलीस आयुक्त होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात कामा रुग्णालयाजवळच्या रंगभवन गल्लीत हेमंत करकरे, विजय साळसकर आणि कामटे हे पोलीस अधिकारी धारातीर्थी पडले. त्यानंतर चर्चा पेटली ती करकरे यांच्या बुलेटप्रूफ जॅकेटच्या दर्जाची. त्यांच्या पत्नी कविता करकरे यांनी माहितीच्या अधिकारात विचारणा केली, तेव्हा जॅकेट सापडत नसल्याचं उत्तर आलं. वस्तूच हाती नाही म्हटल्यावर ती निकृष्ट होती की नाही, हे तपासणार कसं?

जॅकेट तपासायची रीत तशी ठरलेली आहे. मऊ, तेलकट मातीच्या ठोकळ्यावर जॅकेट घट्ट बांधतात. त्याआधी त्या मातीचीच परीक्षा होते. सुमारे किलोभराचा पोलादी गोळा दोन मीटरवरून तिच्यावर सोडतात आणि पडलेल्या खळग्याची खोली मोजतात. माती फार घट्ट किंवा फार सैल निघाली तर पुढचं सगळं बाद. मग ठरावीक अंतरावरून ठरावीक गोळी झाडतात. वाटेत तिचा वेग मोजला जातो.

गोळी अडली म्हणजे जॅकेट पास झालं, असं नाही. आरपार न जाताही गोळी जॅकेटला आत ढकलते आणि मातीत खड्डा पडतो. अंगात घातलेल्या जॅकेटच्या बाबतीत तो खड्डा म्हणजे मोडलेली बरगडी किंवा फुटलेलं यकृत. अमेरिकेत ४४ मिलिमीटरपर्यंतचा खड्डा चालतो. आपल्या भारतीय मानक ब्यूरोनं २०१८ साली पहिल्यांदा स्वतःचं मानक आणलं आणि मर्यादा २५ मिलिमीटरवर आणली. मेजर अनुप मिश्रा यांना हा धक्का स्वतःच्या अंगावर कळला. काश्मीरमध्ये गोळी जॅकेटवर बसली, आत शिरली नाही, तरी मार लागलाच. पुढे पुण्याच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात असताना त्यांनी स्नायपरच्या गोळीलाही दाद न देणारं ‘सर्वत्र’ हे जॅकेट तयार केलं.

पिस्तूल आणि रायफल यांतला फरक तर डोळे पांढरे करणारा. ९ मिलिमीटर पिस्तुलाची आणि एके-४७ ची गोळी वजनाला जवळपास सारखीच, आठेक ग्रॅमची. पण एके-४७ ची गोळी सेकंदाला सातशे मीटरहून अधिक वेगानं येते, त्यामुळे तिची ऊर्जा तिपटीहून जास्त भरते. पिस्तुलाची गोळी धाग्यांच्या थरांत अडकते. रायफलसाठी कडक प्लेटच लागते.

मग पोलादी प्लेट का नको? ती स्वस्त असते, टिकाऊ असते. पण जड असते, आणि तिच्यावर फुटलेल्या गोळीचे तुकडे हनुवटीकडे, दंडाकडे उडतात. शिवाय ती भलतीकडेच दगा देते. ७.६२ मिलिमीटरची जाड गोळी अडवणारी पोलादी प्लेट ५.५६ मिलिमीटरची हलकी पण वेगवान गोळी जवळून भेदू शकते. म्हणून आता सिरॅमिकवर भर आहे. गोळीचं टोक त्यावर फुटतं आणि मागचा पॉलिएथिलिनचा थर उरलेला जोर जिरवतो. उणीव एवढीच, की सिरॅमिक आपटलं तर त्याला तडा जातो आणि तो वरून दिसत नाही.

महाराष्ट्र पोलिसांचा नंतरचा अनुभव बोलका आहे. आलेल्या सुमारे ४६०० जॅकेटपैकी १४३० एके-४७ च्या चाचणीत टिकली नाहीत आणि पुरवठादाराला परत गेली. बातमी नाचक्कीच्या सुरात छापली गेली. वास्तविक ही यंत्रणा नीट चालल्याची खूण होती. चाचणी केलीच नसती तर तीच जॅकेट कुणाच्या तरी अंगावर चढली असती.

सोलापूरच्या सोरेगावात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १० आहे. अशा गटांतले जवान बंदोबस्ताला थेट गडचिरोलीपर्यंत जातात. त्यांच्यासाठी खरेदी करताना निविदेत नुसतं ‘बुलेटप्रूफ’ लिहून भागत नाही. कोणती गोळी, किती वेग, किती अंतर, किती वेळा मारा आणि मागे किती खड्डा, हे पाचही आकडे त्यात हवेत. आणि नमुना पास झाला म्हणून सगळा माल पास धरायचा नाही. आलेल्या प्रत्येक खेपेतली काही जॅकेट गोळ्या घालून फोडलीच पाहिजेत.