जुना निरोप मागे राहतो तेव्हा

एखादा भाडेकरू खोली सोडून जातो. सामानसुमान नेतो, पण दूधवाल्याला सांगायचे विसरतो. नवे बिऱ्हाड येते, आणि पहाटे दारात दूध हजर! न मागता दूध कसे, म्हणून नवा माणूस दूधवाल्यावर चिडतो. पण दूधवाल्याचे काय चुकले? जुना निरोप कोणी मागे घेतलाच नव्हता.

संगणकावरही असेच घडते. इंटरनेटवरील चित्रफिती उतरवून घेणारी ‘वायटी-डीएलपी’ नावाची एक आज्ञावली आहे. ती जुन्या ‘यूट्यूब-डीएल’च्या घराण्यातली, २०२१ पासून स्वतंत्र चालते. दर वेळी त्याच त्या सूचना लिहाव्या लागू नयेत, म्हणून तिच्यासाठी एक कॉन्फिगरेशन फाइल ठेवता येते. आपण तिला निरोपांची वही म्हणू. आज्ञावली सुरू झाली, की आधी ही वही वाचते आणि त्यात आपल्या आजच्या सूचनांची भर घालते.

समजा, मागल्या वर्षी एका गुरुजींना कवितांचे नुसते गायन हवे होते. त्यांनी वहीत लिहून ठेवले, ‘आवाज तेवढा काढून दे.’ यंदा विज्ञानाच्या बाईंनी हृदयाचे काम दाखवणारी, परवानगी असलेली चित्रफीत उतरवली. आवाज आला, चित्र मात्र नाही! बाईंनी आज्ञावली पुसून नवी आणली, पुन्हा तेच. असे का व्हावे? कारण वही पुष्कळदा आज्ञावलीजवळ नसतेच. विंडोजमध्ये ती वापरणाऱ्याच्या खात्यातील ‘ॲपडेटा’ या फोल्डरात असते, आणि तो फोल्डर सहसा डोळ्यांना दिसत नाही. आज्ञावली गेली, वही राहिली.

दुसरा प्रकार असा. वहीत ‘उतरवलेल्यांची यादी ठेव’ असे लिहिलेले असले, तर यादीतली चित्रफीत आज्ञावली पुन्हा आणत नाही. मूळ फाइल तुम्ही कधीच पुसली असली, तरीही नाही!

तिसरा प्रकार जपण्याजोगा आहे. वहीत कधी ‘कुकीज’च्या फाइलचा पत्ता असतो. त्या फाइलीत एखाद्याच्या खात्यात शिरण्याची किल्लीच असू शकते. शाळेच्या सामायिक संगणकावर ती राहिली, तर दुसऱ्याच्या हाती लागायला वेळ लागत नाही.

मग करायचे काय? सूचना लिहिताना ‘व्हर्बोज’ हा पर्याय जोडा. कोणती वही वाचली आणि तीत काय होते, हे आज्ञावली स्वतःच सांगते. नंतर एकदा ‘इग्नोअर-कॉन्फिग’ हा पर्याय देऊन पाहा. त्या खेपेपुरती वही बाजूला राहते. आता चित्र दिसले, तर दोष जुन्या निरोपाचाच. मात्र सारी वही फाडू नका. नको त्या ओळीच्या आरंभी हॅशची खूण केली, की आज्ञावली ती ओळ सोडून देते. हवी तेव्हा खूण पुसता येते. कुकीजची फाइल मात्र काम झाल्याबरोबर पुसावी.

आणि गुरुजी, बदली होऊन निघताना कपाटाच्या किल्ल्या देता ना? तशी ही वहीही पुढच्या माणसाला दाखवून जा.