गोंडपिपरीकरांनो, मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक?

चंद्रपूरहून कोठारीमार्गे गोंडपिपरी, पुढे आष्टीजवळ वैनगंगेचा पूल आणि मग आलापल्लीचं जंगल. आष्टी-आलापल्ली मार्गावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक सतत धावतात. अशा ठिकाणी गिअरबॉक्सची निवड नुसती हौस राहत नाही.

२०१४ साली मारुतीच्या सेलेरिओने भारतात स्वस्त ‘एएमटी’ ऑटोमॅटिक आणली. तिच्यात गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, क्लच प्लेटही तीच. फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर बदलण्याचं काम यंत्र करतं. त्यामुळे मायलेज मॅन्युअलच्या जवळपास मिळतं.

पण गिअर बदलताना ती क्षणभर अडखळते. ट्रकला ओव्हरटेक करताना हा क्षण महाग पडू शकतो, म्हणून आधीच मॅन्युअल मोडवर घेऊन खालचा गिअर टाकावा. टॉर्क कन्व्हर्टर हा ऑटोमॅटिकचा दुसरा प्रकार याबाबतीत सफाईदार, पण किमतीला चढा.

जंगलात बॅटरी बसली, तर मॅन्युअल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारून सुरू होते. ऑटोमॅटिकमध्ये ही सोय धरू नये. जंपर केबल सोबत ठेवावी.

रोज चंद्रपूरच्या गर्दीत जाणं असेल किंवा गुडघे दुखत असतील तर ऑटोमॅटिक. आडरस्ते, चिखल आणि दूरचं गॅरेज असेल तर मॅन्युअलच बरी.