कंपन्यांचे निर्णय आणि आपले चार गैरसमज

नावाजलेलं उत्पादन बंद झालं की ‘नव्या पिढीला वारशाची किंमत नाही’ असं म्हटलं जातं. सेवा फुकट मिळाली की ‘पैसा उतू चाललाय’. कंपन्यांच्या मोठ्या निर्णयांची चर्चा अशी मालकांच्या स्वभावाभोवतीच फिरते. प्रत्यक्ष हिशेब पाहिला, तर अर्थशास्त्राची मोजकी तत्त्वं दिसतात. ती भागधारकांइतकीच कामगारांनी आणि ग्राहकांनीही समजून घ्यायला हवीत, कारण परिणाम त्यांनाही भोगावे लागतात.

गैरसमज १ : इतका पैसा घातला, आता माघार नको.

काहीही केलं तरी जो परत मिळणार नाही, तो बुडीत खर्च. पुढचं पाऊल टाकताना पुढचा खर्च आणि पुढची कमाई एवढंच पाहायचं असतं. हे कळतं, पण वळत नाही.

१९६८ मध्ये स्थापन झालेली इंटेल मेमरी चिपवर मोठी झाली. १९८०च्या दशकात जपानी कंपन्यांनी तिला दर्जा आणि दर या दोन्हींत मागं टाकलं. तरी ‘हीच आपली ओळख’ म्हणून निर्णय लांबत गेला. १९८५ मध्ये कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी मुख्य कार्यकारी अधिकारी गॉर्डन मूर यांना विचारलं, की संचालक मंडळानं आपल्याला काढून नवा प्रमुख आणला, तर तो काय करेल? मेमरीतून बाहेर पडेल, असं मूर म्हणाले. नव्या माणसाच्या डोक्यावर जुन्या खर्चाचं ओझं नसतं. इंटेलनं तो धंदा सोडला. कारखाने बंद झाले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, १९८६ मध्ये तोटा सोसावा लागला. पण १९९२ पर्यंत मायक्रोप्रोसेसरच्या बळावर ती जगातली सर्वांत मोठी चिप कंपनी झाली.

गैरसमज २ : नाव आहे त्या धंद्यात टिकून राहायलाच हवं.

बजाजच्या स्कूटरसाठी एके काळी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत. २००९च्या अखेरीस कंपनीचे प्रमुख राजीव बजाज यांनी स्कूटर बंद करण्याचं जाहीर केलं, तेव्हा वडील राहुल बजाज यांनी उघडपणे खंत व्यक्त केली. मोटरसायकलवर सगळं लक्ष एकवटायचं, हा त्यामागचा विचार होता. पैसा, अभियंते, कारखान्याची क्षमता हे सारं मर्यादित असतं; ते एकीकडे गुंतवलं की दुसरीकडची कमाई हुकते. हुकलेली कमाई म्हणजे संधी खर्च.

हा हिशेब दोन्ही बाजूंनी लागू पडतो. पुढच्या दशकात गिअरलेस स्कूटरची बाजारपेठ वेगानं वाढली आणि तिचा मोठा वाटा होंडाच्या ॲक्टिव्हानं नेला. त्यामुळे बजाजच्या निर्णयावर आजही दोन मतं आहेत. २०२० मध्ये बजाजची ‘चेतक’ स्कूटर परतली, ती विजेवर धावणारी.

गैरसमज ३ : फुकट देणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार.

मोबाइल सेवेत खरा खर्च मनोरे, फायबर आणि स्पेक्ट्रमवर आधीच झालेला असतो. नेटवर्कवर जागा असेपर्यंत आणखी एका कॉलचा खर्च, म्हणजेच सीमांत खर्च, नगण्य असतो. जिओनं ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू केली, ती मार्च २०१७ अखेरपर्यंत फुकट दिली आणि फेब्रुवारीतच १० कोटी ग्राहकांचा टप्पा ओलांडला. ग्राहक वाढले, की अवाढव्य स्थिर खर्च अधिक जणांत वाटला जातो. अर्थात, फुकट सेवेला पुढं पैसे देणाऱ्या ग्राहकांची जोड मिळाली नाही, तर स्थिर खर्च भरून निघत नाही.

गैरसमज ४ : महत्त्वाचं काम कंपनीनं स्वतःच करावं.

अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्येच याची कसोटी मांडली : बाहेरून काम करून घेताना पुरवठादार शोधणं, करार करणं, देखरेख ठेवणं यांचा खर्च घरात काम करण्यापेक्षा कमी असेल, तर ते बाहेर द्यावं. २००४ मध्ये एअरटेलनं नेटवर्कची उभारणी व देखभाल एरिक्सन, नोकिया आणि सीमेन्सकडे, तर माहिती तंत्रज्ञान आयबीएमकडे सोपवलं. फोन कंपनीनं नेटवर्कच दुसऱ्याच्या हाती दिल्याचं अनेकांना धाडस वाटलं. स्पेक्ट्रम, दर ठरवणं आणि ग्राहक मात्र एअरटेलनं स्वतःकडेच ठेवले.