जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रॉयल एन्फील्ड बुलेटचे भारतातले उत्पादन १९५५ मध्ये मद्रासला सुरू झाले. मूळ आराखडा इंग्लंडचा होता आणि पुढची पन्नास वर्षे त्यात फारसा बदल झाला नाही. बिडाच्या सिलिंडरचे इंजिन आणि त्याच्या मागे बोल्टने जोडलेला चार गिअरचा स्वतंत्र गिअरबॉक्स ही या गाडीची ओळख. हा गिअरबॉक्स बर्मिंगहॅमच्या अल्बियन कंपनीच्या रचनेचा असल्याने जाणकार त्याला ‘अल्बियन’ म्हणतात. पुढे डाव्या पायाचा पाच गिअरचा गिअरबॉक्स आला. २००९ पासून इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात असलेली नवी रचना आली, आणि जुनी बुलेट फक्त सेकंडहँड बाजारात उरली.

या बाजारात अल्बियनच्या तक्रारी सगळ्यांना पाठ असतात. गिअर बदलताना मधेच न्यूट्रल पडतो, पडलेला गिअर सुटतो, तेल गळते, किक सरकते. त्यावरून काही जण चांगली गाडी नाकारतात, तर काही जण ‘बुलेट आहे, चालायचेच’ म्हणत खराब गाडी घरी आणतात. प्रत्यक्षात या तक्रारींचे तीन वेगळे गट पडतात : जुळवणीच्या, झिजेच्या आणि मोडतोडीच्या. लक्षण सारखे दिसले तरी खर्च सारखा नसतो.

गैरसमज १ : उजव्या पायाचा उलटा गिअर हा दोष आहे.

वस्तुस्थिती : तो दोष नाही, जुन्या ब्रिटिश गाड्यांची पद्धत आहे. पहिला गिअर वर उचलून पडतो आणि बाकीचे तीन खाली दाबून. ब्रेक डाव्या पायाला असतो. टाचेजवळ असलेली छोटी दांडी ‘न्यूट्रल फाइंडर’ची. दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये क्लच दाबून ती खाली केली की गाडी थेट न्यूट्रलमध्ये येते. पहिल्या गिअरमधून ती चालत नाही. ही दांडी काम करत नसेल तर आतल्या जुळवणीत काहीतरी बिघडले आहे, असे समजावे. सवय नसलेल्या चालकाने अर्धवट दाबलेला गिअर मात्र गाडीचा दोष ठरत नाही. म्हणून चाचणीची फेरी उजव्या गिअरचा सराव असलेल्या माणसाने मारावी.

गैरसमज २ : मधेच न्यूट्रल पडणे हा बुलेटचा स्वभावच आहे.

वस्तुस्थिती : दोन गिअरांच्या मध्ये खोटा न्यूट्रल पडण्याची शक्यता या रचनेत आहे, हे खरे. पण चांगल्या जुळवणीच्या गाडीत तो क्वचित पडतो. पायाची हालचाल गिअरपर्यंत नेणारी यंत्रणा उजव्या बाहेरच्या आवरणात असते आणि तिची मर्यादा एक पट्टी ठरवते. पट्टीची भोके लांबट असल्याने ती थोडी मागेपुढे सरकवता येते. ती चुकीच्या जागी बसली की एका दिशेला गिअर पूर्ण पडतो आणि दुसऱ्या दिशेला अर्धवट राहतो. हे काम गिअरबॉक्स न उघडता होते.

दुसरे कारण क्लचचे. केबल ढिली असेल, प्लेट वाकलेल्या असतील किंवा एकमेकींना चिकटल्या असतील तर क्लच दाबूनही पूर्ण सुटत नाही. मग गिअर जड पडतो, न्यूट्रल सापडत नाही आणि दोष गिअरबॉक्सवर ढकलला जातो. रात्रभर उभ्या गाडीत प्लेट चिकटतात, म्हणून सकाळी क्लच दाबून दोन-तीन किक मारायची पद्धत आहे.

गैरसमज ३ : गिअर सुटतो म्हणजे तेवढीच थोडी जुळवणी हवी.

वस्तुस्थिती : गिअर बदलताना न्यूट्रल पडणे वेगळे आणि पूर्ण पडलेला गिअर जोर लागल्यावर सुटणे वेगळे. गरारीच्या बाजूवर असलेले ठोकळ्यासारखे दात शेजारच्या गरारीत अडकले की गिअर पडतो. या दातांच्या कडा गोल झाल्या किंवा गरारी सरकवणारा काटा वाकला, तर भार येताच पकड सुटते. जुळवणी नीट करूनही हा दोष राहिला तर गरारी आणि काटा बदलावे लागतात. प्रत्येक गिअरमध्ये चढावर थ्रॉटल पूर्ण उघडावे आणि मग अचानक सोडावे. यात गिअर सुटला तर झीज आहे असे धरूनच भाव ठरवावा.

गैरसमज ४ : गिअरबॉक्समध्ये ग्रीस भरले की आवाज आणि गळती दोन्ही थांबतात.

वस्तुस्थिती : थांबत नाहीत, काही दिवस झाकली जातात. जुन्या काळी या गिअरबॉक्सला पातळ ग्रीस चालत असे. आता साधारणपणे गिअर ऑइल वापरतात. घट्ट ग्रीस गरारीच्या दातांनी बाजूला सारले की परत जागेवर येत नाही आणि बुश कोरडे पडतात. विक्रीपूर्वी ग्रीस ठासलेली गाडी थंड असताना शांत वाटते. म्हणून गाडी वीसेक मिनिटे चालवून गरम झाल्यावर आवाज ऐकावा, आणि तेलाचे बूच उघडून आत काय आहे ते पाहावे. तेलात धातूचा बारीक कीस असणे जुन्या गाडीत नवल नाही. तुकडे सापडले तर मोडतोड झाली आहे.

गैरसमज ५ : आवाज येतो म्हणजे अख्खा गिअरबॉक्स गेला.

वस्तुस्थिती : आवाज कोणत्या गिअरला येतो, त्यावरून जागा कळते. चौथ्या गिअरमध्ये शक्ती मुख्य दांड्यावरून थेट बाहेरच्या स्प्रॉकेटला जाते. खालच्या दांड्यावर भार नसतो. पहिल्या तीन गिअरांत घरघर आणि चौथ्यात शांतता असेल, तर संशय खालच्या दांड्यावर आणि त्याच्या गरारींवर घ्यावा. न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच दाबल्यावर बंद होत असेल, तर मुख्य दांड्याचे बेअरिंग तपासावे. डाव्या आवरणातून खडखड येत असेल तर ती बहुधा ढिल्या प्रायमरी चेनची असते, आणि ती ताणणे हे किरकोळ काम आहे. इंजिन बंद करून स्प्रॉकेट हाताने वरखाली हलवून पाहावे. ठळक हालला तर त्याच्या आधाराचे बुश किंवा बेअरिंग झिजले आहे. स्प्रॉकेटमागून होणारी गळतीही बहुधा तिथलीच.

गैरसमज ६ : किक सरकते म्हणजे किकचे दात गेले.

वस्तुस्थिती : या गाडीत किकचा जोर गिअरबॉक्समधून क्लचवर, तिथून प्रायमरी चेनने इंजिनला पोचतो. क्लच घसरत असेल तरी किक मोकळी जाते. गाडी चालताना थ्रॉटल दिल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नसेल, तर दोष क्लचचा. चालताना क्लच पक्का आणि किक मात्र कडकड करत सरकत असेल, तर किकचा रॅचेट झिजलेला आहे.

गैरसमज ७ : गिअरबॉक्स उघडायचा म्हणजे इंजिन खोलावे लागते.

वस्तुस्थिती : एकाच आवरणाच्या नव्या गाड्यांत तसे करावे लागते. जुन्या बुलेटमध्ये गिअरबॉक्स वेगळा असल्याने क्लच काढून उजव्या बाजूने आतले बहुतेक भाग बाहेर येतात आणि इंजिनला हात लावावा लागत नाही. सुटे भागही मिळतात. अडचण मिळण्याची नसून दर्जाची असते : हलक्या लोखंडाची गरारी लवकर झिजते, आणि जोडीतली एकच बदलली तर नवीही जुनीसोबत खराब होते.

गैरसमज ८ : पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : तो जुन्या इंजिनला बसवता येतो, पण सोबत इतर भागांत बदल करावे लागतात. गिअर डावीकडे आला तर ब्रेक उजवीकडे न्यावा लागतो. अर्धवट केलेला असा बदल मूळ दोषापेक्षा त्रासदायक ठरतो. मूळ स्वरूपाची गाडी शोधणारे ग्राहकही अशा गाडीला कमी भाव देतात.

गैरसमज ९ : कागदपत्रांचा गिअरबॉक्सशी संबंध नाही.

वस्तुस्थिती : गिअरबॉक्स बदलला तरी आरसीत नोंद लागत नाही, इंजिन बदलले तर लागते. दुरुस्तीच्या नावाखाली इंजिनसकट सगळे बदललेले असू शकते, म्हणून इंजिन आणि चासीचे क्रमांक आरसीशी ताडून पाहावेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते आणि ते दर वेळी ५ वर्षांसाठी होते. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर मालकी हस्तांतरणाची सूचना विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला द्यावी, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते. त्यासाठी नमुना २९ आणि ३० भरतात.

सारांश असा : पट्टी, केबल आणि प्रायमरी चेन यांच्या तक्रारींमुळे गाडी नाकारू नये. भाराखाली गिअर सुटणे, स्प्रॉकेट हलणे किंवा बेअरिंगची घरघर असेल, तर दुरुस्तीचा अंदाज मिस्त्रीकडून आधी घेऊन तेवढी रक्कम किमतीतून वजा करावी. तेलात धातूचे तुकडे निघाले, किंवा क्रमांक जुळले नाहीत, तर ती गाडी सोडून द्यावी.