सळईचा पीळ

ॲण्टी-रोल बार या नावावरून वाटतं, की हा भाग गाडीला उलटू देत नाही. गॅरेजवाले त्याला स्टॅबिलायझर म्हणतात, त्यामुळे हा समज आणखी पक्का होतो. समज चुकीचा आहे. खडकाळ रानात किंवा वाळूत पळणाऱ्या उघड्या, शेजारी-शेजारी बसायच्या ज्या गाड्यांना साइड-बाय-साइड म्हणतात, त्यांच्या बाबतीत तर तो माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

वस्तू साधी आहे. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली स्प्रिंग स्टीलची सळई. मधला आडवा भाग दोन बुशांमधून चासीला धरलेला, आणि दोन्ही टोकं लिंकने डाव्या-उजव्या चाकांच्या आर्मला जोडलेली. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली, तर सळई बुशात नुसती फिरते, काहीच करत नाही. एकच चाक उचललं गेलं, की तिला ओल्या चादरीसारखा पीळ बसतो आणि तो सोडवण्यासाठी ती दुसरं चाकही वर ओढायला बघते. वळणावर बॉडी बाहेरच्या अंगाला झुकते, तेव्हाही हेच घडतं. बॉडी कमी झुकते, आतल्या बाजूला बसलेल्याला बरं वाटतं.

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये हा बार बसवताना जवळून पाहायला मिळाला. तिथली मुलं बाहा स्पर्धेसाठी गाडी बांधत होती. एसएई इंडिया ही संस्था २००७ पासून ही स्पर्धा इंदूरजवळच्या पीथमपूरला भरवत आली आहे. पाइपांचा पिंजरा, मागे ब्रिग्ज ॲण्ड स्ट्रॅटनचं १० अश्वशक्तीचं ३०५ सीसीचं इंजिन, पाच पट्ट्यांचा बेल्ट आणि एकच सीट. म्हणजे ही साइड-बाय-साइड नव्हे. पण पिंजरा, लांब आर्म, उंच पोट, सगळं गोत्र तेच. शेवटच्या दिवशी चार तास दगड-खड्डे-चिखलातून गाडी पळवायची असते. तिथे निम्म्या गाड्यांचं काही ना काही मोडतं, आणि जे मोडतं ते बहुतेक वेळा वेल्डिंगच्या कडेला मोडतं.

बार बनवण्याचं काम तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीकडे होतं. टेबलावर दोन सळया ठेवलेल्या, एक १६ मिलिमीटरची, दुसरी १९ची. हातात घेतल्यावर फरक नावापुरता. पण पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून तीन मिलिमीटरने तो जवळजवळ दुप्पट होतो. तिने १६ची घेतली. टोकांना बसवायच्या पट्ट्यांना तिने तीन-तीन भोकं पाडून आणली होती, १२०, १४० आणि १६० मिलिमीटरवर. लिंक आतल्या भोकात लावली की पट्टीची तरफ आखूड होते आणि बार ताठरतो. बाहेरच्या भोकापेक्षा आतलं भोक पावणेदोन पटीहून जास्त ताठ. म्हणजे एका सळईत तीन सळया, आणि बदलायला दोन पाने पुरे.

लेथवरच्या मामांना हा सगळा खटाटोप पटत नव्हता. "ताई, एवढी भोकं कशाला? एक नक्की करा आणि वेल्ड मारून टाका." वेल्ड मारायचं नाही, यावर मात्र ती ठाम होती. पीळ बसणाऱ्या सळईला वेल्डिंगची उष्णता लागली, की कडेचं पोलाद बदलतं आणि तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून पट्टी आणि सळई यांच्यामध्ये दातेरी जोड. मामांनी दाते पाडून दिले, पण पट्टी सळईवर चढेना. त्यांनी कानस घेतली, दोन दात जरासे घासले, पट्टी सळईवर ठेवली आणि लाकडी हातोड्याने हलकेच ठोकली. पट्टी बसली. मुलीने ती हाताने हलवून पाहिली. घट्ट बसली होती, जराही झोल नाही.

मग चाचणी. मागच्या उजव्या टायरखाली वर्तमानपत्राचं एक पान सरकवलं आणि डाव्या चाकाखाली ट्रॉली जॅक लावला. लिंक सुट्या असताना डावं चाक वीतभर उचललं, तरी पान ओढल्यावर फाटलं. म्हणजे उजव्या चाकावर भार शाबूत होता. बाहेरच्या भोकात लिंक लावल्यावर पान कुरकुरत, पण अखंड निघालं. आतल्या भोकात लावल्यावर ते आपसूक सुटलं. उजवं चाक जमिनीला टेकून होतं, पण नुसतं टेकूनच.

"आता हे चाक उचललं जाणार ना वळणावर?" मी विचारलं.

"तेच तर हवंय, सर," ती म्हणाली.

खरी गंमत इथे आहे. बाहाच्या बऱ्याच गाड्यांच्या मागच्या धुरीला डिफरन्शियल नसतं. दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. वळताना आतल्या चाकाला कमी अंतर कापायचं असतं, पण ते बाहेरच्याबरोबर फिरत राहतं, घासतं, आणि गाडी सुकाणू वळवूनही सरळच जायला बघते. यावर मुलांचा तोडगा असा, की पुढे बार लावायचाच नाही, फक्त मागे लावायचा. त्यामुळे कलण्याचा बहुतेक भार मागची धुरी उचलते, आतलं मागचं चाक हलकं होऊन जमिनीवरून सुटतं, घासणं थांबतं आणि गाडी भिंगरीसारखी वळते. ज्या भागाला आपण चाकं जमिनीवर ठेवणारा समजतो, तो इथे मुद्दाम चाक उचलायला लावलेला असतो.

वळणात किती भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणार, हे गाडीची रुंदी, वजनाची उंची आणि वेग ठरवतात. बार त्यात फारसं काही करत नाही. तो फक्त वाटणी ठरवतो, किती भार पुढच्या धुरीवर आणि किती मागच्या. थोडक्यात, आधी पकड कोणी सोडायची, एवढंच त्याच्या हातात असतं.

या वाटणीची किंमत अमेरिकेत एकदा फार मोठी ठरली. यामाहाची राइनो ही तिथली गाजलेली साइड-बाय-साइड. मार्च २००९च्या अखेरीस अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने तिच्याविषयी निवेदन काढलं. तपासलेल्या पन्नासहून अधिक घटनांमध्ये चालक किंवा प्रवासी अशी ४६ माणसं दगावली होती, आणि दोनतृतीयांशाहून जास्त प्रकार गाडी उलटण्याचे होते. गाड्या उलटल्या त्या डोंगरकड्यावर नव्हे; त्यातल्या बऱ्याच सपाट जागी, कमी वेगात वळताना उलटल्या. कंपनीने स्वतःहून विक्री थांबवली आणि फुकट दुरुस्ती देऊ केली. दुरुस्ती अशी: मागच्या चाकांना स्पेसर लावून ती बाहेर सरकवायची, आणि मागचा ॲण्टी-रोल बार काढून टाकायचा.

उलटू नये म्हणून बार काढायचा! ऐकायला विपरीत वाटतं. पण वर्तमानपत्राचं ते पान डोळ्यांपुढे आणलं, की कोडं सुटतं. मागचा बार काढल्यावर मागची धुरी कमी भार घेते, गाडीचं बूड झटकन बाहेर जात नाही. गाडी वळणात थोडी रुंद जाते आणि जास्त झुकते. चालकाला झुकणं जाणवतं, तो आपोआप पाय सैल करतो. बार असताना हेच झुकणं लपून राहतं.

खडकांत हाच बार अडचण होतो, कारण एक चाक दगडावर चढलं की दुसरं खड्ड्यात पोचत नाही. म्हणून सह्याद्रीत गाड्या घेऊन जाणारे हौशी लोक पायथ्याशी लिंक सोडून ठेवतात. जीपच्या रुबिकॉनमध्ये पुढचा बार बटण दाबून सुटा करता येतो, आणि वेग वाढला की तो आपोआप पुन्हा जोडला जातो. घाटातून डांबरी रस्त्यावर उतरताना लिंक लावायला विसरणारे महाभाग निघतातच, पण तो वेगळा विषय.

वाराणसीत लंका नावाच्या भागातून गोदौलियाला जाताना ई-रिक्षात बसलं, की ही सगळी विद्या उलटीपालटी होते. खोदून बुजवलेला रस्ता, सांडपाण्याचं झाकण, मध्येच बसलेली गाय. रस्ता म्हणायचा, पण चाकांच्या दृष्टीने रानच. २०१४च्या केंद्रीय नियमांनुसार या गाडीचा वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत, प्रवासी चार, सामान ४० किलो, आणि रुंदी फार तर एक मीटर. प्रत्यक्षात चौघे मागे आणि पाचवा चालकाशेजारी, अर्ध्या बुडावर.

हिला मागे बार लावला तर? काही साधणार नाही. पुढे एकच चाक, त्याला डावं-उजवं नाही, त्यामुळे कलण्याचा सगळा भार आधीपासूनच मागच्या धुरीवर आहे. वाटणी करायला दुसरा हिस्सेदारच नाही. झुकणं तेवढं कमी होईल आणि चालक आणखी जोरात वळवेल. ही गाडी उलटते ती पुढचं चाक आणि मागचं बाहेरचं चाक यांना जोडणाऱ्या तिरप्या रेषेवरून. वजन जितकं पुढे, तितकी ती रेषा जवळ. वळताना ब्रेक मारला की भार नेमका तिकडेच धावतो. म्हणजे त्या पाचव्या माणसाची जागा सगळ्यांत वाईट.

आमचा चालक पन्नाशीचा, तोंडात पान. वाटेतला चढ आला तेव्हा त्याने मागच्या बाकावरच्या दोघांना पुढे वाकून बसायला सांगितलं, नाहीतर पुढचं चाक हलकं होऊन हँडल ऐकत नाही. उताराला लागल्यावर "अब आराम से पीछे टिकिए" म्हणाला. वळणाच्या बरंच आधी वेग कमी करायचा आणि वळताना ब्रेकवर पाय न्यायचा नाही, हेही तो काटेकोरपणे पाळत होता. पाचव्याला का बसवता, असं विचारल्यावर मात्र तो हसला. त्या पाचव्याकडूनही त्याने भाडं पूर्णच घेतलं.