डिकोडरला स्वतःचा गळा नसतो

संत नामदेवांची नर्सी हिंगोली जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्यातल्या गोरेगावात बसून कुणाला भीमसेन जोशींनी गायलेले नामदेवांचे अभंग सीडीच्या दर्जाने कॉम्प्युटरवर ऐकायचे असतील, तर सीडी एकदा फ्लॅक फाइलमध्ये नीट उतरवून घेतली की काम भागते. पण ती फाइल कशाने वाजवावी, यावर हौशी श्रोत्यांत हिरिरीने वाद चालतात. दाबून साठवलेली फाइल उलगडून देणारा प्रोग्रॅम म्हणजे डिकोडर. अमुक डिकोडरने आवाज मोकळा येतो, तमुकाने कोरडा, असे छातीठोकपणे सांगितले जाते. फ्लॅकसारख्या लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावता दाबलेल्या, संगीतापुरता हा वाद निरर्थक आहे. इथे डिकोडर कानाने निवडायचा नसतो, तो किती चोख आहे हे पाहून निवडायचा असतो.

याचे कारण फाइलच्या घडणीत आहे. सीडीवर आवाजाची दर सेकंदाला 44,100 मापे घेतलेली असतात. दोन्ही चॅनेलची, प्रत्येकी 16 बिटांची. मिनिटाला साधारण 10 एमबी होतात. जोश कोलसन यांनी तयार केलेले आणि 2001 साली पहिल्या पक्क्या आवृत्तीत आलेले फ्लॅक मागच्या मापांवरून पुढच्या मापाचा अंदाज बांधते आणि तो किती चुकला तेवढेच लिहून ठेवते. डिकोडर तोच अंदाज पुन्हा बांधतो, त्यात नोंदलेली चूक मिळवतो आणि मूळ आकडा परत देतो. हा पूर्णांकांचा हिशेब असल्याने उत्तर एकच येते. कोलसन यांचा मूळ डिकोडर घ्या किंवा एफएफएमपेग या प्रोग्रॅममधला स्वतंत्रपणे लिहिलेला घ्या, आकडे तेच. एमपी3ची गोष्ट वेगळी. तिथे प्रमाणकानेच डिकोडरला किंचित फरकाची मुभा दिली आहे, त्यामुळे शेवटच्या बिटांत तफावत पडू शकते. लॉसलेसमध्ये तफावत पडली तर ती शैली नव्हे, चूक ठरते.

‘पण आम्हाला फरक ऐकू येतो त्याचे काय?’ हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. फरक खरा असू शकतो, पण तो बहुतेक वेळा डिकोडरच्या पुढे पडतो. एका प्लेअरमध्ये इक्वलायझर चालू असतो, दुसऱ्यात रिप्लेगेन आवाज कमीजास्त करते; आणि आवाज जरासा मोठा असला तरी कानाला तो सरस वाटतो. विंडोज सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करताना 44,100चा दर अनेकदा 48,000वर नेते. विंडोजच्याच वासापी एक्सक्लुझिव्ह पर्यायाने ही पायरी टाळता येते. डिकोडरचा भार प्रोसेसरवर पडून सूर बिघडतो, हीही शंका घेतली जाते. उलगडलेले आकडे आधी बफरमध्ये साठतात आणि तिथून आकड्यांचा आवाज करणाऱ्या डॅकच्या घड्याळाप्रमाणे पुढे जातात. प्रोसेसर कमी पडलाच तर गाणे तुटत वाजेल. स्वराचा पोत बदलणार नाही.

मग निवडीला अर्थ उरतो का? उरतो, पण तो भरवशापुरता. फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाचा एमडी5 नावाचा ठसा नोंदवता येतो. तो पडताळून फाइल शाबूत आहे की नाही हे सांगणारे साधन हाताशी हवे. खराब भाग आला की गुपचूप पुढे न सरकता चूक दाखवणारा डिकोडर केव्हाही बरा. मंकीज ऑडिओ या दुसऱ्या लॉसलेस प्रकारातल्या जास्त दाबलेल्या फाइली उलगडायला बरेच गणित लागते, म्हणून जुन्या कॉम्प्युटरला फ्लॅक सोयीचे. अॅपलची उपकरणे वापरणाऱ्यांना अॅपलचा लॉसलेस प्रकार अॅलॅकही चालेल. 2011पासून त्याचा कोड खुला आहे.

मात्र डिकोडरच्या आधीची बाजू याहून महत्त्वाची. एमपी3वरून केलेली फ्लॅक फाइल गेलेला तपशील परत आणत नाही. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 78 गतीच्या तबकड्या लॉसलेसमध्ये उतरवल्या तर खरखरही जशीच्या तशी येते, शिवाय तिचा अंदाज बांधता येत नसल्याने जागाही खूप खाते. तिथे खरा फरक पडतो तो तबकडीच्या प्रतीने, सुईने आणि उतरवणाऱ्याच्या हाताने. तेव्हा पैसे आणि वेळ चांगल्या प्रतीवर, नंतर हेडफोनवर खर्च करावा. डिकोडर फुकट मिळतो. आणि एखादा डिकोडर दुसऱ्यापेक्षा गोड वाटलाच, तर त्याचे कौतुक करण्याआधी सेटिंग तपासावे.