धुळं पायी, जळगाव पानात

मार्गशीर्ष लागला की खानदेशात पाहुण्याला बोलावायला खरं निमित्त मिळतं. हिरवी वांगी बाजारात ढिगानं येतात, उन्हातली धार गेलेली असते. पण बाहेरचा प्रवासी इथे थांबतच नाही. अजिंठ्याला जाणारा माणूस जळगावला उतरतो आणि स्टेशनाबाहेरूनच गाडी करून पुढे जातो. धुळं तर मुंबई-आग्रा रस्त्यावरचं गाव. इंदूरला निघालेल्यांना ते टोलनाका आणि चहाची टपरी एवढंच माहीत. हीच मंडळी इटलीला गेली की एखाद्या जुन्या शहराच्या गल्ल्या दिवसभर पायी तुडवतात आणि बोलोन्यात रागू खाल्ल्याशिवाय परतत नाहीत. तसे दोन दिवस त्यांनी खानदेशाला द्यावेत, असं मी मनापासून सांगते.

सुरुवात धुळ्यापासून करावी. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला, तेव्हा धुळं हे पांझरेकाठचं लहानसं गाव होतं. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्यानं मुख्य ठाणं इथे आणलं आणि जुन्या वस्तीला लागून नवी पेठ आखून घेतली. रस्ते सरळ, एकमेकांना समांतर. घरं बांधायला व्यापाऱ्यांना पैसेही दिले. ही आखणी आजही पायांना कळते. जुन्या शहरात पत्ता विचारला तर लोक गल्लीचा नंबर सांगतात, आणि आग्रा रोडवर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना त्या गल्ल्या शिस्तीत लागलेल्या दिसतात. चंदीगडच्या सव्वाशे वर्षं आधी आखलेलं हे गाव आहे. याच ब्रिग्जनं पुढे फरिश्त्याच्या फारसी इतिहासग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं. त्या ग्रंथात खानदेशच्या फारुकी सुलतानांची हकीकत येते. ज्या मुलखाचा कारभार त्यानं पाहिला, त्याच मुलखाचा इतिहास त्याच्या हातून जगापुढे गेला.

धुळ्याचं खरं वैभव मात्र कागदांत आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड 1898 मध्ये काढला आणि नंतर उभा महाराष्ट्र पालथा घालून दप्तरं गोळा केली. 31 डिसेंबर 1926 रोजी ते धुळ्यातच वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. तिथल्या संग्रहात हस्तलिखितं आहेत, खानदेशात सापडलेल्या मूर्ती आहेत. दुसरी जागा समर्थ वाग्देवता मंदिर. शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1893 मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि रामदासी मठ धुंडाळून बाडांमागून बाडं जमवली. समर्थांच्या हातचं मानलं जाणारं वाल्मीकिरामायणही त्या संग्रहात आहे. अशा ठिकाणी घाईनं जाऊ नये. आधी विचारून, सकाळचा वेळ राखून जावं. एका जिल्ह्याच्या गावानं सरकारी हुकमाशिवाय, लोकवर्गणी आणि ध्यास यांच्या बळावर एवढं जपलं, याची कदर फार थोड्यांनी केली, याचं मला वाईट वाटतं.

धुळ्याचं कारागृह बाहेरूनच पाहायचं. पण तिथून जाताना 1932 आठवावं. 21 फेब्रुवारी ते 19 जून असे अठरा रविवार विनोबा तिथे कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले, आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. 'गीता प्रवचने' हे पुस्तक या भिंतींआड जन्मलं.

दुपारी शेवभाजी खावी. काळ्या मसाल्यात भाजलेलं सुकं खोबरं आणि करपेपर्यंत परतलेला कांदा असतो, रश्शावर तेलाचा तवंग. जाड तिखट शेव पानात वाढताना वरून घालायची, आधी शिजवून ठेवली की लगदा होतो. महामार्गावरच्या ढाब्यांवर 'खानदेशी' नावानं नुसतं लाल तिखट पाणी मिळतं, त्यावरून या स्वयंपाकाची पारख करू नये. घरात गेलात तर फुनके-कढी मागा. तूरडाळ भिजवून, भरड वाटून, मुटके वाफवलेले असतात. ते कुस्करून वर कढी आणि कच्चं तेल. कोरडवाहू मुलखातलं हे जेवण डाळ, ज्वारी, तेल आणि मिरची यांवर उभं आहे.

संध्याकाळी दक्षिणेला लळिंगचा किल्ला चढावा. फारुकींच्या काळातला हा डोंगरी किल्ला महामार्गाला अगदी खेटून आहे. माथ्यावरून दिसणारा मुलूख रुक्ष वाटतो, पण पांझरेच्या खोऱ्यात कित्येक पिढ्या चालत आलेली फड पद्धत आहे. नदीवर बंधारा घालायचा, कालव्यानं पाणी न्यायचं आणि लाभाच्या शेतीचे मोठे फड पाडायचे. एका फडात एका वेळी सगळ्यांचं एकच पीक, आणि पुढच्या हंगामात फेरपालट. पाणी देणारा पाटकरी गावानं नेमलेला, राखणीला जागल्या. पाण्याची वाटणी भांडणाशिवाय कशी करावी, याचं इतकं शहाणं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. तरुण विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागले, तेव्हा त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक याच पांझरेच्या खोऱ्यातलं होतं.

दुसऱ्या दिवशी जळगाव. सरळ रस्ता पारोळा, एरंडोल असा जातो, पण मी अमळनेरची वाकडी वाट सुचवते. साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते. प्रताप शेठजींच्या देणगीतून 1916 मध्ये उभं राहिलेलं तत्त्वज्ञान मंदिर तिथे आहे. आणि आजची विप्रो 1945 मध्ये इथे वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली. बोरी नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावात या तीन गोष्टी काही वर्षांच्या अंतरानं घडल्या.

जळगाव रेल्वे आणि कापूस यांच्यावर वाढलं. 1906 मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले आणि पूर्वेकडच्या जिल्ह्याचं ठाणं इथे आलं. जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ आवर्जून पाहावं, आणि जवळच्या आसोद्याला जावं. बहिणाबाई चौधरींचं ते माहेर. जात्यावर आणि शेतात रचलेलं त्यांचं काव्य मुलगा सोपानदेवांनी जपलं आणि 1952 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं छापून आलं.

आता भरीत. त्यासाठी वांगं इथलंच हवं: फिकट हिरवं, मोठं, बिया कमी, साल पातळ. बामणोद आणि आसपासच्या गावांची ख्याती याच वांग्यावर आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर भाजतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुराचा वास येतच नाही, मग कितीही तेल घाला. साल काढून गर लाकडी बडगीत घालायचा आणि हिरवी मिरची, लसूण यांच्यासह मुसळानं ठेचायचा. मिक्सर लावला की त्याची चटणी होते. मग फोडणीत शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, भरपूर कांद्याची पात, वरून कोथिंबीर. लाल तिखटाला इथे जागा नाही. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत सालासकट उडीद आणि मीठ घालून दळलेल्या पिठाची. चातुर्मासात वांगं वर्ज्य मानणारी घरं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवतात आणि मग शेतावर भरताच्या पार्ट्या सुरू होतात. एखाद्या शेतावर ओळख काढा. हे जेवण मळ्यात, पाटाच्या पाण्याशी बसूनच जेवावं. खानदेशी माणूस ओळखीचा धागा सापडला की पाहुण्याला उपाशी पाठवत नाही.

लेवा पाटीदारांच्या घरचं लग्न त्या दिवसांत असेल तर वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी मिळेल. बट्टी वरणात चुरून, वर तूप घेऊन खायची असते.

मांडे मात्र हिवाळ्यात कमी दिसतात. पुरण भरलेला उंडा हातावर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर टाकायचा, हे काम हाताला वळण असलेल्या बायकाच करू जाणोत. त्यासाठी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, यावं लागतं. तेव्हा माहेरवाशिणी आलेल्या असतात, झाडांना झोके बांधलेले असतात आणि मांड्यांबरोबर आमरस असतो. ऊन चाळिशीच्या पुढे गेलेलं असतं, म्हणून गड-किल्ले पहाटेच उरकून घ्यावेत आणि दुपार घरातच काढावी.